शाळेच्या पटावरची बाहेरगावची मुले आणि आमच्या मंडळाचा शिक्षणनिधी

सड्यावरचा

आमचे गाव राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत यंदा पहिली ते पाचवी मिळून अकरा मुले आहेत. त्यांपैकी पाच गावातली, चार आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांतली आणि दोन चिरेखाणीवर काम करणाऱ्या विजापूरकडच्या जोडप्याची. म्हणजे बाहेरगावचे पारडे एका मुलाने जड आहे. शाळेची घंटा अजून वाजते ती या सहा मुलांमुळे, असे आमच्या बाई उघड बोलून दाखवतात.

आमच्या ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखा आजोबांच्या पिढीने लालबागला स्थापन केली. मंडळाच्या शिक्षणनिधीतून दर वर्षी मुलांना वह्या, दप्तरे आणि छत्र्या दिल्या जातात आणि दहावी उत्तीर्ण होणाऱ्यांना बक्षीस मिळते. गावात मुलेच उरली नसल्यामुळे गेली काही वर्षे निधी शिल्लक पडतो. या सहा मुलांनाही त्यात धरावे आणि संध्याकाळच्या अभ्यासासाठी कोणाला तरी मानधनावर नेमावे, असे मी कार्यकारिणीत सुचवले, तेव्हा खजिनदारांनी मंडळाची घटना पुढे केली. घटनेत 'गावातील विद्यार्थी' असे शब्द आहेत. गंमत अशी की, बोरिवली आणि नालासोपाऱ्यात जन्मलेली, गणपतीला आणि शिमग्याला चार दिवस येणारी आमची मुले या व्याख्येत बसतात आणि बक्षिसेही घेतात. वर्षातले सात-आठ महिने गावात राहणारी मुले मात्र बसत नाहीत.

मे महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मंडळाने या मुलांसाठी खर्च करणे योग्य आहे का? दोन, योग्य असेल तर नेमके काय करावे? वह्या वाटून फोटो काढण्यापलीकडे काही करता यावे, अशी इच्छा आहे.

पडवी

मंडळाची घटना वाचलेला खजिनदार तुमच्याकडे आहे, याबद्दल प्रथम अभिनंदन. आमच्या मंडळाची घटना ज्या पेटीत आहे त्या पेटीची किल्ली १९९४ पासून सापडत नाही.

गाळेकर

माझे आजोबा चिपळूण तालुक्यातून परळला गिरणीत लागले, तेव्हा ते गावच्या गाळ्यात राहत. आजच्या मुलांना गाळा म्हणजे दुकान वाटते, म्हणून सांगतो. गावाने मिळून चाळीत एक खोली भाड्याने घ्यायची, प्रत्येकाची एक वळकटी आणि एक ट्रंक, पाळीप्रमाणे झोपायचे आणि जेवायला खानावळीत जायचे. कोणी आजारी पडला तर गाळ्याने त्याला बोटीत बसवून गावी पाठवायचे, कोणी वारला तर वर्गणी काढायची. त्या गाळ्यांतूनच आपली मंडळे उभी राहिली. गिरणीतल्या मुकादमापासून चाळीच्या मालकापर्यंत सगळ्यांना आपण 'घाटी' नाहीतर 'कोकणे' होतो आणि कोणत्याही यादीत 'मुंबईतील' नव्हतो.

जनगणनेचे आकडे पाहा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुली जास्त जन्मतात म्हणून हा आकडा वाढलेला नाही, पुरुष बाहेर गेले म्हणून वाढला आहे. जिल्हा रिकामा होत असताना त्या रिकाम्या जागेत कोणीतरी येणारच. आपल्या आजोबांनी मुंबईत जी जागा भरली तीच जागा हे लोक आपल्या गावात भरत आहेत, एवढे खजिनदारांना सांगून पाहा.

रोखठोक

गाळेकर यांचे भावनिक आवाहन समजले, पण तुलना पटत नाही. मुंबईला गेलेला कोकणी माणूस त्याच राज्यात, निदान त्याच देशात होता आणि गिरणीत कायम नोकरीला होता. येथे परदेशातून माणसे येतात. कोण, कोठून आले याची नोंद कित्येकदा मालकाकडेही नसते. माझ्याच वाडीत बंद घर फोडले गेले तेव्हा पोलिसांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, 'बागेत कोण राहतो?' आणि बागेच्या मालकाला त्या माणसाचे पूर्ण नावही सांगता येईना.

माझा मुख्य आक्षेप मात्र पैशाचा आहे. बागायतदार स्वस्तात माणसे आणतो, नफा स्वतः घेतो आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचा, आजारपणाचा आणि राहण्याच्या सोयीचा भार गावावर टाकतो. आमच्यासारख्या मुंबईत तीन पाळ्या करणाऱ्यांच्या वर्गणीतून आंबा बागायतदाराचा खर्च का भागवावा? याला समाजकार्य म्हणायचे असेल तर म्हणा, मी त्याला बागायतदाराला दिलेले अनुदान म्हणेन.

पडवी

घरफोडी कोणी केली होती, ते पुढे कळले का?

रोखठोक

कळले. गावातलाच निघाला. त्यामुळे नोंद नसावी असे ठरत नाही.

कलमी बाग

मी बागायतदार आहे, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो.

नेपाळी माणसे का येतात याचे साधे उत्तर असे की, दुसरे कोणी येत नाही. माझ्या लहानपणी राखणीला, फवारणीला, काढणीला वाडीतलेच गडी असत. त्यांची मुले आज पुण्यात, वाशीत किंवा गोव्यात आहेत आणि त्यांनी तेथे असावे यात मला काही गैर वाटत नाही. नवरात्र संपले की माझ्याकडे नेपाळातल्या कैलालीकडची दोन कुटुंबे येतात आणि पाऊस लागेपर्यंत राहतात. तण काढणे, मोहोर आल्यावर फवारणी, वानर आणि माकडे हाकणे, रात्रीची राखण, मार्चपासून झेला (टोकाला जाळी असलेली काठी) घेऊन काढणी, मग प्रतवारी, पेंढा घालून पेट्या भरणे, हे सगळे तीच करतात. पाऊस पडला की तिकडे भाताची लावणी असते, म्हणून ती परत जातात. यातले एक कुटुंब माझ्याकडे नऊ वर्षे येते आहे, त्यामुळे 'मालकाला नाव ठाऊक नाही' हे माझ्या बाबतीत तरी खरे नाही.

आमची अडचणही ऐका. हंगामाआधी उचल द्यावी लागते. ती घेऊन माणूस आलाच नाही, किंवा ऐन फेब्रुवारीत शेजारच्या बागेने दोन हजार वाढवून दिले म्हणून निघून गेला, असे अनेकदा होते. फळमाशी, तुडतुडे, अवकाळी पाऊस यांतून जे उरते ते वाशीच्या दलालाच्या हाती जाते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये फळमाशीमुळे आंब्याची आयात थांबवली तेव्हा परदेशातल्या एका निर्णयाचा फटका येथल्या पेटीच्या भावाला बसला आणि त्या वर्षी आम्ही उचलच कमी दिली. म्हणजे ब्रसेल्समध्ये कागदावर सही झाली आणि कैलालीत घराचे पत्रे घालायचे राहिले. बागायतदार म्हणजे गब्बर माणूस, हे चित्र अर्धेच खरे आहे.

मुलांचे म्हणाल तर, ती मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, एकटी राहण्यापेक्षा शाळेत गेलेली मलाही बरी वाटतात. फवारणीची औषधे तेथेच ठेवलेली असतात.

खडूफळा

मी छत्तीस वर्षे शिक्षक होतो, त्यांतली शेवटची आठ वर्षे अशाच एका शाळेवर. सड्यावरचा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडेल तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकासाठी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल शाळेत कधी गेलेच नसेल तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास करून घ्यायचा. ते दुसरीकडे जात असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखला उशिरा आला म्हणून पुढच्या शाळेने त्याला अडवायचे नाही. राज्यात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही आहे. त्यात मुलाला काय येते, काय येत नाही, हे लिहून देतात, म्हणजे पुढच्या गुरुजींना पुन्हा अआइईपासून सुरुवात करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची आणि येथेच खरी मेख आहे. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. आंब्याची कुटुंबे येतात दसऱ्यानंतर. शिवाय अलीकडे आधार पडताळणी झालेली मुले मोजण्यावर भर आहे. त्यामुळे वर्गात बसलेली, खिचडी खाणारी, पाढे म्हणणारी मुले हिशेबात नसतात. तुमच्या बाई म्हणतात की शाळा या मुलांमुळे चालते, ते वर्गापुरते खरे आहे, कागदावर कदाचित नसेल. ही चौकशी आधी करा, कारण 'या मुलांमुळे शाळा वाचेल' असे सभेत सांगितलेत आणि पुढच्या वर्षी शाळा बंद झाली तर लोक त्या मुलांनाच बोल लावतील.

तिसरी गोष्ट भाषेची. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे तिकडे दोन वर्षे शाळेत गेलेले मूल मराठी पुस्तक पहिल्याच दिवशी वाचू लागते. अर्थ कळत नाही, पण वाचते. अडते ते 'ळ' या अक्षरापाशी, कारण त्यांच्या वर्णमालेत ते नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा डिसेंबरपर्यंत 'फला' आणि 'शाला' म्हणत असे. एका दुपारी तो वर्ग भरलेला असताना एकदम 'नारळ' असे स्वच्छ म्हणाला आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. विजापूरकडच्या मुलांचे नेमके उलटे असते. कानडीत 'ळ' आहे, पण लिपी निराळी, त्यामुळे उच्चार उत्तम आणि वाचन शून्य. दोघांना एकाच बाकावर बसवले की काम सोपे होते, हा स्वानुभव आहे.

माहेरवाशीण

गुरुजी, नारळाची गोष्ट वाचून बरे वाटले. माझी बहीण अंगणवाडीत सेविका आहे, तिचे म्हणणे येथे लिहिते. सहा वर्षांखालच्या मुलांचा विषय धाग्यात कोणी काढलेला नाही. त्यांना आहार आणि लसीकरण अंगणवाडीतून मिळते, पण बागेपासून अंगणवाडी दीड-दोन किलोमीटर असेल तर आई कामाचा खाडा करून मुलाला पोहोचवत नाही. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते आणि मग शाळेच्या पटावरून तिचेच नाव गळते.

डोलकाठी

हा धागा दोन दिवस वाचतो आहे. लिहावे की नाही, असे वाटत होते.

माझ्या दोन मच्छीमार नौका आहेत. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आमच्या मोहल्ल्यातला आहे, खलाशी बहुतेक नेपाळी आणि दोन उत्तर प्रदेशचे. १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते आणि १ जूनला पावसाळी बंदी लागते, त्या दहा महिन्यांचा करार तोंडी असतो. येथेही उचल आहे आणि उचल घेऊन पळणारेही आहेत. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रातली तपासणी कडक झाली, त्यामुळे प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र नौकेवर हवे. ते हरवू नये म्हणून मी सर्वांची मूळ कागदपत्रे माझ्या कपाटात ठेवत असे. खरे सांगायचे तर, हरवू नयेत हे अर्धे कारण होते. कागद माझ्याकडे असले की माणूस हंगाम सोडून जात नाही, हे उरलेले कारण.

माझे वडील सतरा वर्षे कुवेतमध्ये होते. त्यांचा पासपोर्ट कफिलाच्या, म्हणजे तिकडच्या मालकाच्या तिजोरीत असे. आजी वारली तेव्हा त्याने तो दिला नाही आणि वडिलांना मातीला येता आले नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा ते लोकांबरोबर वाळवंटातून जॉर्डनला पोहोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. त्या विमानांनी तेव्हा लाखाहून अधिक माणसे परत आणली. वडील घरी आले ते एक पिशवी घेऊन. आमच्या घरात 'कफील' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई.

गेल्या वर्षी एका खलाशाची आई तिकडे आजारी पडली. त्याने कागद मागितले आणि मी त्याला म्हणालो, 'हंगाम संपू दे.' वडील ओटीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि कपाटाची किल्ली माझ्यासमोर आणून ठेवली.

आता मूळ कागद खलाशांकडेच असतात, माझ्याकडे प्रती असतात. त्यानंतर दोघे हंगाम सोडून गेले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

गाळेकर

डोलकाठी, यावर लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. नमस्कार.

वाटसरू

मी समाजकार्याचे शिक्षण घेतले आहे आणि काही वर्षे रायगड जिल्ह्यात कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर काम केले आहे. दोन गोष्टी नोंदवते.

धाग्यात कोकणातून 'बाहेर जाणारा' म्हणजे मुंबईचा चाकरमानी किंवा आखातातला नोकरदार, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. कोकणातली सर्वांत मोठी फरफट कातकऱ्यांची आहे आणि ती त्यांच्या स्वतःच्या मुलखात चालते. पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो आणि दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते. कधी तालुक्यात, कधी थेट कर्नाटकात. मुलेबाळे, कोंबड्या, भांडी, सगळे एका टेम्पोत. जूनमध्ये हिशेब होतो आणि बहुतेकदा उचल फिटलेलीच नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीच्या वहीत ती टिकून आहे. तेव्हा नेपाळी मुलांसाठी सभा घेताना आपल्या गावच्या कातकरी वाडीतली किती मुले दिवाळीनंतर शाळेत दिसत नाहीत, तेही एकदा मोजा.

दुसरी गोष्ट कामाच्या रीतीची. स्थलांतरितांमध्ये संघटित समाजकार्य करण्याची आपली परंपरा कोकणी माणसानेच घातली, हे विसरायला नको. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. पुढे ते कामगार चळवळीत गेले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. गिरणगावातल्या ज्या बायका खाणावळी चालवून चाकरमान्यांना जेवू घालत, त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवणे हा त्याचा हेतू होता. या दोन्ही कामांची सुरुवात अडलेल्या माणसाला काय हवे आहे, हे समजून घेण्यापासून झाली.

सड्यावरचा यांनी घटना, निधी, मानधन, वह्या यांबद्दल सविस्तर लिहिले आहे. त्या चार नेपाळी मुलांच्या आयांशी ते किंवा मंडळाचे कोणी बोलले आहे का, हे मात्र लिहिलेले नाही.

सड्यावरचा

नाही बोललो. वाटसरू यांचा आक्षेप मान्य आहे. पुढच्या आठवड्यात गावी जातो आहे.

जुने दप्तर

थोडे विषयांतर होते आहे, पण 'बाहेरचा' कधी 'गावचा' होतो, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची परंपरा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, सांगतात. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. पेणकर, नागावकर, रेवदंडेकर ही त्यांची आडनावे. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, पण मराठी बरोबर घेऊन गेले. इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. तो येथेच १९१६ मध्ये वारला आणि त्याच्या थोरल्या राजकन्येचा वंश रत्नागिरीत मराठीच होऊन गेला. त्या काळी मंडळाची घटना नव्हती, म्हणून कदाचित ते सोपे गेले असेल.

रोखठोक

जुने दप्तर यांच्या उदाहरणांत शेकडो वर्षे गेली आहेत, किंवा कोणी राजा आहे. आमची सभा मे महिन्यात आहे.

डोलकाठी यांचे लिहिणे वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही. माझा भाऊ मस्कतला आहे. तरीही माझा मूळ मुद्दा मागे घेत नाही. ज्याला माणसे लागतात त्याने पहिला खर्च करावा. बागायतदारांनी पेटीमागे दोन रुपये शाळेसाठी द्यावेत. तेवढीच रक्कम मंडळाने घालावी, त्याला माझा पाठिंबा राहील. आणि प्रत्येक कुटुंबाची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी. ती त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी असू नये. माणूस झाडावरून पडला तर कोणाला कळवायचे, हे कोठेतरी लिहिलेले असावे.

कलमी बाग

पेटीमागे दोन रुपये मी देईन. माझ्या शेजाऱ्यांची हमी देऊ शकत नाही.

नोंदीबद्दल एक सांगतो. भारत-नेपाळ यांच्यातल्या १९५० च्या तहाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, व्यवसाय करण्याची आणि फिरण्याची मोकळीक दिली आहे, तेव्हा ही माणसे चोरून आलेली नाहीत. मात्र आपल्या कामगारांसाठीच्या योजना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा ठेकेदाराने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता आणि २०२१ मध्ये आलेल्या ई-श्रम नोंदणीला आधार लागते. माझ्याकडच्या एकाचा दोन वर्षांपूर्वी झाडावरून पडून पाय मोडला. दवाखान्याचा खर्च मी केला, पण तो माझ्या मर्जीवर होता. त्याचा हक्क म्हणून काही नव्हते, हे मलाही तेव्हाच जाणवले.

माहेरवाशीण

धाग्यात 'बाहेरचा' हा शब्द आला, म्हणून मे २०२० ची आठवण काढते. मी, नवरा आणि दोन मुले मुंबईहून पास काढून माझ्या माहेरी पोहोचलो, तेव्हा वेशीवर बांबू आडवा बांधलेला होता. बांबूपलीकडे माझा चुलतभाऊ उभा होता. आम्ही चौदा दिवस शाळेत राहिलो, त्याच शाळेत जिथे मी शिकले. गावाचे चुकले असे आज म्हणणार नाही, भीतीच तशी होती. वहिनी डबा आणून पायरीवर ठेवायची आणि लांब उभी राहायची.

शेजारच्या वर्गखोलीत गावाला जाण्याची गाडी मिळण्याची वाट पाहणारे एक नेपाळी कुटुंब होते. गावाच्या दृष्टीने आम्ही सगळेच 'मुंबईवाले आणि नेपाळी' या एका यादीत होतो. त्या बाईकडून मला कळले की आपल्या हरतालिकेच्या दिवशीच त्यांची तीज असते, भाऊबीजेच्या दिवशी त्यांची भाईटीका असते आणि दिवाळीत एक दिवस ते कुत्र्याला हार घालून पूजतात. तिला तीजेला माहेरी जायचे होते आणि मी माझ्या माहेरी येऊन शाळेत कोंडले गेले होते. तिने मला पेरूच्या पानांचा काढा करून दिला.

पडवी

कुत्र्याच्या पूजेची प्रथा आमच्या वाडीत आणली तर आमचा टॉमी पुढच्या सभेत सभासदत्व मागेल. बाकी, माहेरवाशीण यांच्या प्रतिसादावर विनोद करण्याची हिंमत होत नाही.

सड्यावरचा

धागा वर काढतो आहे. गावी जाऊन आलो आणि सभाही झाली.

वाटसरू यांच्या सांगण्याप्रमाणे आधी बागेत गेलो. बरोबर शाळेच्या बाई होत्या. आम्ही मनात शिकवणी, दप्तरे, गणवेश अशी यादी घेऊन गेलो होतो. चारही मुले दोन कुटुंबांतली आहेत. त्यांतल्या एका आईने हातातली प्रतवारी न थांबवता ऐकून घेतले आणि मग दोन गोष्टी मागितल्या, त्या आमच्या यादीत नव्हत्या.

पहिली मागणी दाखल्याची. तिकडे शाळेचे वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होते. हे लोक पोहोचतात जूनमध्ये. दाखला हातात नसला की तिकडचे सर मुलाला पुन्हा खालच्या वर्गात बसवतात आणि ऑक्टोबरात येथे आला की येथेही तेच. तिचा थोरला मुलगा तिसरी चार वेळा शिकला आहे, दोन वेळा नेपाळीतून आणि दोन वेळा मराठीतून. ती हे सांगताना हसत होती. आमच्या बाईंना हसू आले नाही, कारण त्यांतली एक तिसरी त्यांच्या वर्गातली होती.

दुसरी मागणी माहेरवाशीण यांनी लिहिली होती तीच. दीड वर्षाचे मूल काढणीच्या दिवसांत ठेवायचे कोठे? सध्या ते पेट्यांच्या आडोशाला दोरीने बांधलेल्या झोळीत असते आणि सात वर्षांची मुलगी शाळा सोडून झोका देते.

चिरेखाणीवरच्या जोडप्याला भेटलो तेव्हा नवऱ्याने एकच विचारले, 'शाळा पुढल्या वर्षी राहणार का?' त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. खडूफळा यांचे म्हणणे खरे निघाले. ३० सप्टेंबरच्या पटावर सहापैकी दोनच मुले होती, ती चिरेखाणीवरची. उरलेली चार त्यानंतर आलेली.

आता सभेचे. 'गावातील विद्यार्थी म्हणजे गावच्या शाळेच्या पटावर असलेला कोणताही विद्यार्थी' असा अर्थ लावणारा ठराव मी मांडला. दोन तास चर्चा झाली. नालासोपाऱ्याच्या मुलांचे काय, असा प्रश्न आला, कारण या व्याख्येने ती बाहेर पडतात. शेवटी 'अथवा गावातील कुटुंबातील' असे शब्द जोडून दोघांनाही आत घेतले. ठराव मंजूर झाला, एकमताने नव्हे. खजिनदारांनी विरोधात मत दिले आणि पैसे मात्र दुसऱ्याच दिवशी काढून दिले. पेटीमागे दोन रुपयांच्या सूचनेला तीनपैकी दोन बागायतदारांनी होकार दिला, तिसरे चहा होण्याआधी उठून गेले. या पैशातून शाळेच्या रिकाम्या पडलेल्या दुसऱ्या खोलीत फेब्रुवारी ते मे लहान मुले सांभाळायला वाडीतल्या एका विधवा काकींना मानधनावर नेमायचे ठरले आहे. खोली वापरायला मिळावी, असा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला आहे. उत्तर आलेले नाही.

कातकरी वाडीतली मुलेही मोजली. पटावर एकही नाही, कारण वाडी शेजारच्या महसुली गावात येते. तेथे तीन मुले दिवाळीपासून गैरहजर आहेत. त्यांच्यासाठी आमच्या ठरावात काही नाही, हे येथे लिहून ठेवतो.

दाखल्यांचे काम बाईंनी ३० एप्रिललाच उरकले. चारही मुलांना दाखला आणि प्रगतिपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले. मराठीतले कागद तिकडे कसे चालतील, अशी मला शंका होती. थोरला मुलगा म्हणाला की, अक्षरे सारखीच आहेत, सरांना फक्त 'शाळा' वाचता येणार नाही, ते मी वाचून दाखवीन.

खडूफळा

उत्तम. त्या दाखल्यांची एकेक झेरॉक्स बाईंच्या कपाटात ठेवायला सांगा. मूळ प्रत तिकडच्या शाळेत जमा होईल आणि ऑक्टोबरात ही मुले परत येतील तेव्हा तीच झेरॉक्स लागेल.